मी घासलेला लोटा

एका खुनातला होता नव्हता तेवढा एकच पुरावा मी चिंच आणि राख लावून घासून टाकला. वर दोनदा घासला. पहिल्या हाताला बुडाशी जरा काळं राहिलं होतं, ते मला बघवलं नाही.

नातवंडं हे ऐकून पोट धरून हसतात. हसू देत. तेव्हा मी स्वतःला काय समजत होते ते त्यांना कळलं तर लोळतील. मी स्वतःला गुप्तहेर समजत होते.

लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. माहेर भंडाऱ्याकडचं, सासर बालाघाटचं. नवरा गोंदियाला नोकरीला, शनिवारी छोट्या लाईनच्या गाडीनं घरी यायचा आणि येताना स्टेशनवरून माझ्यासाठी हेरकथांची पुस्तकं आणायचा. ती मी तांदळाच्या कोठीत खुपसून ठेवायची. एकदा सासूबाईंनी भात निवडता निवडता विचारलं, "सूनबाई, या पोथीत पिस्तूलवाला देव कोणता हाये?" मी म्हटलं, "आत्याबाई, तो खलनायक आहे." त्या म्हणाल्या, "मंग त्याले कोठीतून काढ, किडे लागतील." तेवढ्यावर सुटले. पण डोक्यातला किडा काही सुटला नाही. दूधवाला दारात जास्त वेळ थांबला की मला संशय यायचा. सासरे फौजदारी वकील, त्यांना मी मामाजी म्हणायची. ते कोर्टातून आले की मी पाण्याचा तांब्या पुढे करून विचारायची, "आज खून होता का?" ते म्हणायचे, "आज बकरी होती. चोरीची." माझं तोंड पडायचं.

आणि खरा खून भिंतीपलीकडे होता, हे मला सासरी आल्यावर महिन्याभरातच कळलं.

भिंतीपलीकडे मावशी राहायच्या. नात्यातल्या नव्हेत, सगळ्या गल्लीच्याच मावशी. मुरमुऱ्याची भट्टी होती त्यांची. तापलेल्या वाळूत तांदूळ पडला की तडतड आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा. त्यांचा नवरा गाडीवान होता. त्याची आणि गल्लीतल्याच दुसऱ्या एका माणसाची बैलगाडी भागीत होती. दोघं रानातून लाकूड, बांबू भरून स्टेशनपर्यंत आणायचे. माझ्या लग्नाच्या बरीच वर्षं आधी एकदा दोघं पहाटे रानात गेले आणि परत एकटा भागीदार आला. त्यानं सांगितलं, "तो त गेला. म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यलं, गोंदियाच्या गाडीत बसला. खांद्यावर थैली, हातात त्याचा तो सासरचा पितळी लोटा. खिडकीतून मले हात बी हालवला." आणि मग आवाज खाली आणून गोंदियाच्या कुठल्याशा बाईची गोष्ट.

पोलीस आले, रानात फिरले, गेले. मृतदेह नाही, रक्त नाही, बघणारा नाही. लोक कुजबुजत, की मावशीचा नवरा चोरीचा साग गाडीत घालायला नाही म्हणत होता, फॉरेस्टवाल्यांना सांगेन म्हणत होता. पण कुजबुज कोणी ठाण्यात जाऊन लिहून देत नाही. भागीदाराची पुढे भरभराट झाली. तो ठेकेदार झाला, गल्लीचा पंच झाला. मीही त्याला ठेकेदारच म्हणते.

मावशीचं मात्र अडकून पडलं. कपाळाला कुंकू, हातात बांगड्या, आणि नवरा कुठे आहे ते माहीत नाही. त्यांची मुलगी लग्नाची झाली होती. गोरी, कामसू, गोड गळ्याची. पाहुणे येत, मुरमुऱ्याचा चिवडा खात, पोरगी पसंत करत, आणि मग कोणीतरी त्यांच्या कानाला लागे. नवऱ्यामुलाकडचा निरोप येई : बाप जिता असून बाईसंग पळालेला, अशा घरची पोर आम्हाला नको. लालबर्ऱ्याकडचं एक चांगलं घर असंच परत गेलं, तेव्हा मावशीनं भट्टी दोन दिवस पेटवली नव्हती. तो तडतड आवाज बंद झाला म्हणून मला कळलं. मेलेल्या बापाच्या पोरीचं लग्न होत होतं, पळालेल्या बापाच्या पोरीचं नाही. असा सगळा हिशेब.

माझा निकाल तर ही हकिकत कळली त्याच दिवशी लागला होता. खुनी ठेकेदार! का? तर त्याच्या मिशा पुस्तकातल्या पिस्तूलवाल्यासारख्या होत्या. हा माझा तपास.

आता विहीर. गल्लीची विहीर दर उन्हाळ्यात उपसायची, अशी पूर्वीची रीत होती. सगळं पाणी काढायचं, एक माणूस दोराने आत सोडायचा, तो तळाचा गाळ घमेल्यात भरून देणार. त्या गाळात वर्षभरात पडलेली भांडी निघत. बादल्या, गडवे, पळ्या, पोरांच्या भिंगऱ्या. ती कट्ट्यावर मांडायची, बायांनी घासायची, आणि भांड्यावर कोरलेलं नाव वाचून ज्याची त्याला द्यायची. पण गेली कित्येक वर्षं विहीर उपसलीच नव्हती. दर उन्हाळ्यात ठेकेदार म्हणे, "आपल्या हिरीत गंगा हाये. उपसाल त झरा रुसन." दोर आणि रहाट त्याचेच, त्यामुळे झरा रुसायला तयारच असे.

त्या वर्षी मात्र आधीचा पावसाळा कोरडा गेला होता. बादलीत गढूळ पाणी यायला लागलं तेव्हा बायांनीच ओरडा केला. ठेकेदार म्हणाला, दोर कुजला आहे. सासूबाईंनी शेजारच्या वॉर्डातून दुसरा दोर मागवला. तो म्हणाला, उतरणारा माणूस नाही. माणूसही आला. मग तो स्वतः येऊन कट्ट्याजवळ खुर्ची टाकून बसला. किती काळजी आहे गल्लीची, असं मला वाटलं! निकाल लावून मोकळी झालेली ही हेरीण बघा. समोर खुनी खुर्ची टाकून बसलाय आणि हिला त्याचं कौतुक.

गाळ वर यायला लागला. काय सांगू ती गंमत! प्रत्येक घमेल्याला बाया वाकून बघत होत्या. "माही पळी, माही पळी!" "तुही कुठली वं, तिले दांडा नव्हता." कोणाची सासू मेली तेव्हापासून हरवलेली किसणी निघाली आणि सुनेनं कपाळाला हात लावला, "आली का वापस!" मी नवी सून, मला घासायला बसवलं होतं. समोर काळ्या गोळ्यांचा ढीग, बाजूला चिंचेचा कोळ, राख, नारळाचा काथ्या. आणि मी माहेरचं नाव काढायला निघालेली. गोळा उचलायचा, घासायचा, चमकवायचा, मांडायचा. काय काळं होतं, काय हिरवं होतं, कोणता गोळा घमेल्यातून कधी आला, बघतंय कोण? बाया म्हणत होत्या, "वकिलाची सून हाताची मोठी चलाख हाये," आणि मी आणखी जोरात घासत होते.

तेवढ्यात एक लोटा उजळला. काठाशी टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं. मी शाळेत धडा वाचावा तशी खणखणीत आवाजात ते नाव वाचलं. पुढे गावही होतं, लांजी. तेही वाचलं.

कट्ट्यावरच्या सगळ्या बाया मावशीकडे वळल्या.

ते मावशीच्या नवऱ्याचं नाव होतं. बाया नवऱ्याचं नाव घेत नसत तेव्हा, आणि इतरांनी ते कित्येक वर्षं गल्लीत उच्चारलं नव्हतं. मावशी कट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. त्या आल्या, माझ्या हातातून लोटा घेतला आणि काठावरून अंगठा फिरवला. एका जागी पोचा होता. "पोरीनं लहानपनी आपटला होता," एवढंच म्हणाल्या. लांजीच्या त्यांच्या बापानं लग्नात जावयाला दिलेला लोटा तो. गोंदियाच्या गाडीत बसून हात हलवणाऱ्या माणसाच्या हातातला.

मी ठेकेदाराकडे पाहिलं. (यावेळी तरी पाहिलं.) त्याचं तोंड क्षणभर चुन्यासारखं झालं. मग तो हसला. "वहिनी, घरचाच लोटा आणून ठेवला का वं ढिगात? पाहा न लोकहो, किती चमकून राह्यला. हिरीतला असा असते का?"

आणि सगळ्यांनी लोट्याकडे पाहिलं. लोटा उन्हात असा लखलखत होता, जणू आत्ताच दुकानातून आणलाय.

कोणी कसं सांगावं की हा विहिरीतूनच निघाला? गाळातला गोळा मी उचलला, मीच घासला. नाव दिसेपर्यंत तो बाकीच्या काळ्या गोळ्यांसारखाच एक गोळा होता. आणि मी त्याच्यावरची सगळी वर्षं धुऊन नालीत सोडली होती.

मामाजींनी ठाण्यातल्या दरोग्याला बोलावलं. तो सागर जिल्ह्याकडचा, हिंदीत बोलणारा, भला माणूस. ओसरीवर बसून त्यानं लोटा फिरवून फिरवून पाहिला. मी दारामागून पदर सावरत बघत होते. तो म्हणाला, "वकील साहब, ये तो आज का ख़रीदा लगता है." मामाजी म्हणाले, "हमारी बहू ने माँजा है." दरोगा दाराकडे बघून म्हणाला, "बहूजी, इतना अच्छा क्यों माँजा?" सासूबाईंनी आतून तत्परतेनं सांगितलं, "हमारे घर में ऐसाच माँजते हैं, साहब!" त्या दिवशी त्यांनी माझी बाजू घेतली ती पहिल्यांदा, आणि तीही नेमकी नको तिथे.

तरी माझा उत्साह गेला नव्हता. मी म्हटलं, मी साक्ष देईन! मनातल्या मनात मी कोर्टात पोचलेही होते. अंजिरी लुगडं नेसायचं की हिरवं, हा प्रश्न उरला होता. आरशासमोर "ईश्वरसाक्ष खरं सांगेन" म्हणून झालं. मामाजींनी संध्याकाळी मला समोरच्या पाटावर बसवलं. मावशीही आल्या होत्या, भिंतीला टेकून बसल्या.

"मी ठेकेदाराचा वकील," मामाजी म्हणाले. "बाई, विहिरीतून लोटे किती निघाले?"

"पुष्कळ."

"सगळे काळे?"

"हो."

"मग हाच लोटा गाळातून निघाला हे कसं ओळखलं?"

"त्याच्यावर नाव होतं."

"नाव केव्हा दिसलं?"

"घासल्यावर."

"म्हणजे घासायच्या आधी तुम्हाला माहीत नव्हतं की हा तो लोटा. आणि घासल्यावर तो विहिरीतला दिसत नव्हता. बरं, ढिगात कोणी बाहेरून लोटा आणून ठेवला तर तुम्हाला कळलं असतं? तुम्ही मान वर केली होती का?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मान वर केली होती का, बाई?"

"नव्हती."

"का?"

"भांडी... भांडी छान निघत होती."

सासूबाई पदरात हसल्या. मला हसूही आलं आणि रडूही. मामाजींनी वकिली उतरवून ठेवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, तू नसता घासला तरी फार काही झालं नसतं. लोट्यानं काय दिसतं? तो खोटं बोलला. खोटं बोलला म्हणजे खून केला, असं कोर्ट नाही म्हणत. देह नाही, हत्यार नाही, पाहणारा नाही. तो म्हणेल, मी लांबून पाहिलं, लोट्यासारखं काही दिसलं. संशयाचा फायदा त्याला, आणि जन्मभराचं वैर बाईला."

"पण मामाजी, त्यानं लोटा विहिरीतच का टाकला? रानात का नाही?" माझ्यातली हेरीण अजून फडफडत होती.

"नाव कोरलेलं भांडं रानात सापडतं. मोडीत घातलं तर तांबट वाचतो. घरी ठेवलं तर बायको वाचते. आणि लोटा कुठे गेला असं ही बाई विचारणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो त्यानं गाडीत बसवून दिला." ते थांबले. "पण हे सगळं माझ्या डोक्यात आहे. डोक्यातलं दाखल करता येत नाही."

भिंतीशी बसलेल्या मावशी पुढे सरकल्या. "वकीलसाहेब, कोर्टाले साक्ष लागते. मसनात लागते का?"

मामाजींना कळलं नाही. मलाही नाही.

"मातीले जो येते, त्याले कोनी कागद मांगत नाही न?"

"नाही."

"मंग झालं. मी त्याची माती करतो म्हनते. पळसाची."

आमच्याकडे रीत आहे. माणूस परमुलखात मेला, वाहून गेला, देह हाती लागला नाही, तर पळसाच्या पानांचा माणूस करतात. पानांचे हात, पानांचे पाय, डोक्याला नारळ. त्याला तिरडीवर बांधून अग्नी देतात. जातीतले म्हातारे म्हणत होते, बारा वर्षं वाट पाहिल्याशिवाय करता येत नाही. मावशी लोटा घेऊन त्यांच्याकडे गेल्या. त्यांनी तो हातात फिरवला आणि काही बोलले नाहीत. न बोलणं म्हणजे हो.

आणि दुसरी रीत, गल्लीची. माती असली की घरटी एकानं एक लाकूड घेऊन यायचं. श्रीमंत असो गरीब असो, एक लाकूड. लाकूड आणलं म्हणजे आपण मान्य केलं की हा माणूस गेला. मावशी काय करायला निघाल्या आहेत ते मला तेव्हा उमगलं : ठेकेदारालाही लाकूड आणावं लागणार होतं. पुस्तकांतल्या सगळ्या हेरांना ही मुरमुरेवाली बाई पाणी पाजणार होती!

"ठेकेदाराकडे सांगायला मीही येते," मी म्हटलं.

"तू काहून?"

"साक्षीदार!"

"चाल. पन तोंड उघडशील त भट्टीत घालीन."

दुपारी आम्ही गेलो. ठेकेदार झोपाळ्यावर. बायकोनं चहा आणला. मी ठरवून आले होते की खुन्याच्या घरचं पाणीही पिणार नाही. पण चहात साखर अशी भरपूर होती, की मी कपभर प्यायले आणि बशीत सांडलेलाही प्यायले. मावशीनं कपाला हात लावला नाही.

"भाऊजी, उद्या सकाळी तुमच्या दोस्ताची माती हाये. लाकूड घेऊन या."

झोपाळा थांबला. "वहिनी, काहीच्या काही. जित्या मानसाले जाळतेत का? येईन तो एखाद्या दिवशी."

"तुमाले वाटते का तो येईन?"

"म्या त्याले गाडीत बसवून देल्ला होता न."

"बरं मंग. जे खरं ते करा. तो जिता असन त नका येऊ. सारी गल्ली येऊन राह्यली. तुमी एकटे नाही आले त लोकायले सांगीन, भाऊजी अजून वाट पाहून राह्यले."

मावशी उठल्या. रस्त्यात येताना मी नाचायची बाकी होते. "मावशी, आला तरी फसला, नाही आला तरी फसला!" मावशी म्हणाल्या, "हळू चाल. तुह्या पायात चहा चढला."

सकाळी मावशीचं अंगण भरलं. मुलीच्या मामानं लांजीहून येऊन पळसाचा माणूस बांधला होता. मोठमोठी, रुंद, हिरवी पानं. लोक येत होते, लाकूड ठेवत होते, बाजूला उभे राहत होते. आंबा, बाभूळ, साजा, एका म्हातारीनं तर खाटेचा मोडका पाय आणला. मी बायांमध्ये उभी राहून दारावरून नजर हलवत नव्हते. येणार की नाही? मनात पैज लावली होती, नाही येणार.

आला. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, हातात लाकूड. सागाचं, छान तासलेलं. गर्दी आपोआप दुभंगली. तो ढिगापर्यंत आला, वाकला.

"भाऊजी." मावशी उंबऱ्यात उभ्या होत्या. आवाज चढलेला नव्हता. मुरमुऱ्याचं माप विचारावं तशा विचारत्या झाल्या, "हे लाकूड कोनासाठी?"

तो वाकलेलाच राहिला.

"ज्याले तुमी गाडीत बसवलं त्याच्यासाठी? त्यानं हात हालवला न तुमाले? मंग तो मेला हे तुमाले कवा कळलं?"

ठेकेदार सरळ झाला. ओठ हलले. "म्या... लांबून पाह्यलं होतं, वहिनी. कोनी दुसरा असन. गर्दी होती."

"आनि लोटा?"

"लोटा... लोट्याचं ध्यान नाही आता."

एवढंच. एवढ्यासाठी इतकी वर्षं! इतकी वर्षं ज्या साक्षीवर एक माणूस पळपुटा ठरला, ती साक्ष त्यानं स्वतःच्या तोंडानं परत घेतली, आणि सगळ्या गल्लीनं ऐकली. मामाजी माझ्या बाजूच्या ओट्यावर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहून भुवई नुसती उडवली. मला वाटलं आता टाळ्या पडतील.

टाळ्या पडल्या नाहीत. मावशी म्हणाल्या, "ठेवा खाली," आणि त्यानं लाकूड ठेवलं. पुरुषांनी तिरडी उचलली, बाकीची लाकडं गाडीत भरली. सागाचं लाकूड कोणी उचललं नाही. ते अंगणातच पडून राहिलं आणि ठेकेदार त्याच्याशेजारी उभा राहिला. तिरडी गल्लीच्या वळणावर गेली तसं आत बायांनी मावशीच्या हातातल्या बांगड्या फोडल्या. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. माझी नाचायची ऊर्मी कुठल्या कुठे गेली. मी नाटक बघायला आल्यासारखी आले होते, आणि आत एक बाई खरंच विधवा होत होती.

दरोग्यानं नंतर ठेकेदाराला ठाण्यात नेलं, विचारलं, सोडलं. मामाजींनी अर्ज केला, पुन्हा तपासाला घ्या म्हणून. त्याचं काही झालं नाही, होणार नाही हे त्यांनाही माहीत होतं. खून कोर्टात कधी उभाच राहिला नाही. देह कधी मिळाला नाही. ठेकेदाराच्या झोपाळ्यावर पूर्वी सकाळ-संध्याकाळ चार माणसं बसत, ती बसेनाशी झाली. कोणी भांडलं नाही, कोणी बोट दाखवलं नाही. विहिरीवर त्याची बायको आली की बाया तिला आधी पाणी भरू देत आणि बोलत नसत. पुढे मलाजखंडला तांब्याची खाण निघणार म्हणून त्या बाजूला रस्त्यांची कामं सुरू झाली, तेव्हा तो तिकडे कामं घेऊन गेला, तिकडेच राहिला, आणि म्हातारा होऊन स्वतःच्या खाटेवर मेला. हे मला अजून पचत नाही. नातवंडं म्हणतात, आजी, गोष्टीत तरी त्याला फाशी दे ना. मी म्हणते, माझ्या हातात लोटा होता, दोर नव्हता.

पण लालबर्ऱ्याचं घर परत आलं. आपण होऊन आले, मुलाची आजी सोबत घेऊन. म्हातारीनं अंगणात बसून विचारलं, "बाप कुठं हाये?" मावशी म्हणाल्या, "मेला. मारला." म्हातारीनं मान हलवली आणि पोरीला जवळ बसवून घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. मी इतकी धावपळ केली की वरमाईला वाटलं मीच मुलीची मोठी बहीण. गाणी म्हटली, वरातीत फुगडी घातली, आणि लग्नाची भांडी घासायला मला कोणी बसवलं नाही. गल्लीचा तो नियमच झाला होता.

मुलगी सासरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मावशीकडे गेले. अंगणात मांडवाचे बांबू अजून उभे होते. मावशी थंड भट्टीशी बसल्या होत्या. मला फार दिवसांपासून म्हणायचं होतं ते मी एकदाचं म्हणून टाकलं, की मावशी, मी लोटा तसा घासायला नको होता, माझ्यामुळे तो सुटला. आणि रडायला लागले. मावशीनं मला रडू दिलं. मग चाळणीतली वाळू हातानं सारखी करत म्हणाल्या :

"उगी रडून राह्यली पोरी. तू एक लोटा घासला. म्या काय केलं आयक. लोकायपुढं म्हनो, माहा मानूस पळनारा नाही. आनि रोज सांजच्या पारी भट्टी पेटवली का मनात त्याले शिव्या देओ, का मेल्या, कोन्या रांडेच्या घरी जेवून राह्यला असशीन. भट्टी बंद राह्यली त्या दोन दिवशी बी खाडा नाही केला. तो बिचारा कवाचा मेला होता. आता सांग, त्या शिव्या म्या कोनापाशी जाऊन वापस घेऊ?"